झांकीची ट्रॉली आणि परदेशातला ट्रेलर : हिच आणि कमानी निवडण्यापूर्वी

भाद्रपद जवळ आला की मंडळाच्या बैठकीत दोन प्रश्न हमखास निघतात. यंदा झांकीची ट्रॉली कोणाची घ्यायची, आणि तिच्या कमानी जास्त मजबूत करून घ्यायच्या का? दुसऱ्या बाजूला अमेरिकेत, कॅनडात स्थिरावलेली आपली मुले फोनवर विचारतात, “बाबा, सुट्टीत फिरायला ट्रॅव्हल ट्रेलर घेतोय, गाडीला हिच कोणता लावू?” दोन्ही प्रश्न वरवर वेगळे दिसले तरी मुळात एकच आहेत. पुढचे वाहन ओढते, मागचे ओढले जाते आणि दोघांमध्ये एक सांधा असतो. त्या सांध्यावर किती भार पडतो आणि कसा पडतो, यावर सगळी सुरक्षितता अवलंबून आहे.

आम्ही बँकेत असताना ट्रॅक्टर-कर्जाच्या तपासणीसाठी माळव्यातल्या आणि निमाडातल्या गावांत पुष्कळ फिरलो आहोत. ट्रॉली तयार करणारे लोहार, वेल्डर आणि त्या वापरणारे शेतकरी यांच्याकडून जे शिकलो आणि नंतर वाचून जे पडताळले, ते सभासदांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहोत.

बैलगाडीपासून ट्रॉलीपर्यंत

इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या चल समारोहाची सुरुवात १९२४ मध्ये हुकुमचंद मिलच्या झांकीने झाली, असे सांगितले जाते. तेव्हा झांकी बैलगाडीवर असे. पुढे मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या मिलच्या कामगारांनीही झांक्या काढल्या आणि शहरभर रात्र जागवण्याची प्रथा पडली. मिल एकेक करून बंद पडल्या. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली आणि तिच्या कामगारांची थकबाकी मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला. मधल्या बत्तीस वर्षांतही या कामगारांनी वर्गणी जमवून झांकीची परंपरा टिकवली, याचा इंदूरकरांना अभिमान वाटायलाच हवा.

बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर-ट्रॉली आली, झांक्या उंच झाल्या, हलणारे पुतळे आले, रोषणाई आली आणि ती चालवायला जनरेटर आला. वजन वाढले, उंची वाढली. रस्ते मात्र तेच राहिले. जेल रोड, कृष्णपुरा, जवाहर मार्ग, नृसिंह बाजार, शीतलामाता बाजार, गोराकुंड, खजुरी बाजार आणि राजवाडा. सराफ्याच्या आसपास राहणाऱ्यांना या वळणांची अडचण वेगळी सांगायला नको.

ट्रॉली उलटणे ही केवळ भीती नाही. २ ऑक्टोबर २०२५ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, आपल्या शेजारच्या खंडवा जिल्ह्यात दुर्गाविसर्जनाला निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली तलावात उलटून ११ जणांचा जीव गेला. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. त्याआधी १ ऑक्टोबर २०२२ रोजी कानपूरजवळ घाटमपूर भागात देवदर्शनाहून परतणाऱ्यांची ट्रॉली उलटली आणि २५ हून अधिक भाविक दगावले. दोन्ही ठिकाणी माणसे मालाच्या ट्रॉलीत बसली होती.

उलाळ आणि धुरजड

परदेशातल्या पुस्तकांत “टंग वेट” म्हणून जे मोठे प्रकरण असते, ते आपल्या बैलगाडीवाल्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. भार मागे जास्त झाला की जू वर उचलले जाते, गाडी “उलाळ” होते. भार पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर ओझे येते, गाडी “धुरजड” होते. चांगला गाडीवान गोणी अशा रचायचा की जू मानेवर हलके टेकलेले राहील, पण उचलले जाणार नाही. ट्रॅक्टरच्या हिचला आणि मोटारीच्या बॉलला नेमके हेच हवे असते.

हिशेब साधा आहे. दोन चाकांची ट्रॉली घेऊ. ट्रॉली आणि झांकी मिळून वजन ३,००० किलो. हिचपासून अॅक्सलपर्यंत अंतर ४ मीटर. सगळ्या वजनाचा मध्य अॅक्सलच्या पुढे ४० सेंटिमीटर असेल, तर हिचवर भार येईल ३,००० × ०.४ ÷ ४, म्हणजे ३०० किलो. हा एकूण वजनाच्या १० टक्के झाला. ठीक आहे.

आता ४०० किलोचा जनरेटर जागा मोकळी दिसते म्हणून मागच्या टोकाला, अॅक्सलच्या २ मीटर मागे ठेवला. त्याने हिचवरचा भार ४०० × २ ÷ ४, म्हणजे २०० किलोने कमी होतो. एकूण वजन ३,४०० किलो झाले आणि हिचवर उरले १०० किलो, जेमतेम ३ टक्के. त्यात चार-पाच कार्यकर्ते मागच्या फळीवर चढले की ट्रॉली उलाळ झाली म्हणून समजा. मग हिच वर उचलू लागतो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड कमी होते आणि उतारावर मागचा भाग डावी-उजवीकडे हेलकावे घेऊ लागतो.

या उदाहरणात कमान बदलून किंवा हिच बदलून काहीही सुधारत नाही. जनरेटर पुढे आणणे किंवा वेगळ्या वाहनावर ठेवणे, हाच उपाय. म्हणून आमचे पहिले सांगणे हे की खर्चाचा विचार करण्यापूर्वी वजन करावे आणि भार कुठे आहे ते पाहावे.

वजन करणे अवघड नाही. कोणत्याही धर्मकाट्यावर आधी ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असताना फक्त तिची चाके काट्यावर घ्यावीत. मग ट्रॉली सोडवून, पुढच्या टेकूसह ती पूर्ण काट्यावर ठेवून वजन घ्यावे. दोन आकड्यांतला फरक म्हणजे हिचवरचा भार. दोन्ही वेळी ट्रॉली सपाट उभी असावी. काट्याची पावती जपून ठेवावी, पुढच्या वर्षी कामी येते.

चार चाकांच्या ट्रॉलीत पुढचा भार पुढच्या चाकांवरच जातो, हिचवर उभा भार जवळजवळ येत नाही. पण तिचा पुढचा अॅक्सल फिरत्या चकतीवर असतो. अरुंद चौकात तो पुरता वळला की ट्रॉलीचा आधार एका बाजूला आखूड होतो. उंच झांकी असेल तर अशा वेळी मागे घेण्याचा प्रयत्न करू नये.

हिच कसा असावा

ट्रॉली नेहमी ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारला किंवा कंपनीने दिलेल्या हिचलाच जोडावी. ओढण्याची रेषा मागच्या अॅक्सलच्या वर गेली, तर जोर लावताच ट्रॅक्टरचे पुढचे तोंड उचलले जाते आणि तो मागे उलटू शकतो. “जरा उंच बांधू, म्हणजे ट्रॉली सरळ दिसेल” असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. वरच्या टॉप लिंकच्या जागी साखळी किंवा ट्रॉली कधीही जोडू नये.

ट्रॉलीची दांडी जमिनीला समांतर यावी. ती खूप झुकलेली किंवा उचललेली असेल, तर ट्रॅक्टरचा हिच न हलवता ट्रॉलीच्या दांडीची कडी योग्य उंचीवर बसवून घ्यावी. हे काम ट्रॉली तयार करणाऱ्याकडूनच करून घ्यावे. भर मिरवणुकीच्या आदल्या रात्री केलेल्या वेल्डिंगवर भरवसा ठेवू नये.

पिन कंपनीचीच असावी. तिच्या जागी सळईचा तुकडा घालण्याची सवय फार दिसते. सळई वाकते, वर सरकते आणि एखाद्या खड्ड्यात बाहेर पडते. पिनीला खालून क्लिप हवीच. पिन आणि कडी झिजून पोकळी वाढली असेल, तर ट्रॅक्टर थांबताना व सुटताना प्रत्येक वेळी धक्का बसतो आणि तोच धक्का मूर्तीच्या पायाशी जाऊन तडा पाडतो. झिजलेली कडी बदलायला कमानींच्या मानाने किरकोळ खर्च येतो आणि फायदा लगेच दिसतो.

पिनीशिवाय दोन साखळ्याही असाव्यात, दांडीखाली एकमेकींना छेदून बांधलेल्या. पिन सुटली तर दांडी जमिनीत न रुतता या साखळ्यांच्या झोळीत पडते. साखळी वळणाला पुरेल इतकी सैल, पण रस्त्याला घासणार नाही इतकी घट्ट असावी.

कमानी : जास्त म्हणजे चांगले नव्हे

शेतीच्या पुष्कळ दोनचाकी ट्रॉल्यांना कमानीच नसतात. अॅक्सल सरळ सांगाड्याला बसवलेला असतो आणि धक्का झेलायला टायरमधली हवा तेवढी असते. अशा ट्रॉलीवर गिट्टी चालते, नाजूक देखावा चालत नाही. झांकीसाठी कमानीची ट्रॉली मिळत असेल तर तीच घ्यावी.

कमानीची ट्रॉली मिळाली की कोणीतरी म्हणतो, “दोन पाटे वाढवून घेऊ.” सात पाट्यांच्या कमानीत तसेच दोन पाटे घातले, तर ती ढोबळमानाने सव्वापट कडक होते. त्याच वजनाखाली जी आधी ९ सेंटिमीटर दबत होती, ती ७ सेंटिमीटर दबेल. एवढाच फरक. ट्रॉलीची वजन पेलण्याची मर्यादा त्याने वाढत नाही. अॅक्सल, बेअरिंग, टायर, सांगाडा आणि हिच यांतला जो सर्वांत कमकुवत, त्याचीच मर्यादा सगळ्या ट्रॉलीची मर्यादा. कर्जाला जामीनदार पाच असले तरी तारण एकच असते, तसे हे आहे.

उलट कमान गरजेपेक्षा कडक झाली की हलक्या झांकीखाली ती दबतच नाही आणि प्रत्येक खड्डा थेट वर पोहोचतो. कमान फार मऊ असेल तर उंच देखावा डुलतो. म्हणून प्रत्यक्ष वजन टाकून पाहावे. पूर्ण भारानंतर कमान निम्म्या-पाऊण दबलेली, पण ठोकळ्याला न टेकलेली असावी. दोन्ही बाजूंची उंची फुटपट्टीने मोजावी. एक बाजू खाली असेल तर आधी भार सरकवावा, मग कमान तपासावी. पाटे बदलायचे तर दोन्ही बाजूंचे सारखे बदलावेत. यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट काम झाल्यावर एकदा आणि थोडे चालवून पुन्हा एकदा आवळून घ्यावेत, कारण नवे पाटे बसताना ते सैल होतात.

उंचीचा हिशेब

उलटण्याचे गणित दोनच आकड्यांचे आहे : दोन चाकांमधले अंतर आणि भाराच्या मध्याची उंची. चाकांमधले अंतर १.६ मीटर आणि भाराचा मध्य जमिनीपासून १.६ मीटरवर असेल, तर ट्रॉली साधारण २६ अंशांपर्यंत कलली तरी कागदावर उभी राहते. तोच मध्य २.४ मीटरवर गेला तर ही मर्यादा १८ अंशांवर येते. प्रत्यक्षात टायर आणि कमानी दबतात, देखावा डुलतो, त्यामुळे खरी मर्यादा याहून बरीच कमी असते.

एका बाजूचे चाक २० सेंटिमीटरच्या खड्ड्यात गेले की ट्रॉली एकदम ७ अंश कलते. त्यावर डुलणे, वळणाचा जोर आणि एका बाजूला लटकलेली माणसे यांची भर घाला. तलावाच्या किंवा नदीच्या काठाची मऊ माती तर चाक किती रुतेल याचा अंदाजच देत नाही.

यावर उपाय सोपे आहेत. जड वस्तू, म्हणजे मोटार, बॅटरी आणि लोखंडी बैठक तळाशी. वरचा भाग बांबू, कापड आणि थर्मोकोलचा, हलका. मार्गावरची सर्वांत खालची वायर आदल्या दिवशी बांबूने मोजून ठेवावी. विसर्जनासाठी ट्रॉली काठापर्यंत नेऊच नये. पक्क्या रस्त्यावर थांबवून मूर्ती हाताने किंवा क्रेनने पुढे न्यावी.

थांबणार कसे?

ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल, तर तीन-साडेतीन टन वजन थांबवण्याचे सगळे काम ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येते. उतारावर ट्रॉली मागून ढकलते आणि ट्रॅक्टर आडवा होऊ शकतो. म्हणून रिकाम्या रस्त्यावर पूर्ण भारासह एकदा थांबवून पाहावे. ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल लॉकने जोडलेले असावेत. शेतात एक-एक पेडल वापरायची सवय असलेला चालक रस्त्यावरही तसेच करतो आणि ट्रॅक्टर एका बाजूला फेकला जातो. उतारावर गिअर काढून चालवणे सक्त मना असावे. ट्रॉलीबरोबर दोन लाकडी ठोकळे ठेवावेत, प्रत्येक थांब्याला चाकाखाली लावायला.

परदेशातल्या मुलांसाठी

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर ओढणाऱ्या आपल्या मुलांनी हाच उलाळ-धुरजडचा नियम धरावा. तेथे हिचवरचा भार ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात. त्याहून कमी असेल तर महामार्गाच्या वेगात ट्रेलर सापासारखा वळवळू लागतो. ट्रॅक्टरच्या वेगात जो हेलकावा दिसतो आणि जिरतो, तो ताशी शंभर किलोमीटरला जिरत नाही, वाढत जातो.

तेथे फसगत होते ती “ही गाडी अमुक पौंड ओढते” या जाहिरातीच्या आकड्याने. खरा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर असतो : प्रवासी आणि सामान मिळून किती पौंड. समजा तो १,४०० आहे. पाच जणांचे कुटुंब ७०० पौंड, सामान १५०, हिचचे साहित्य ८०. ट्रेलर ५,००० पौंडांचा आणि हिचवर १३ टक्के, म्हणजे ६५०. बेरीज १,५८०. गाडीची मर्यादा १८० पौंडांनी ओलांडली गेली, आणि जाहिरातीतला ओढण्याचा आकडा मात्र अजून बराच दूर आहे.

मग दुकानदार मागच्या कमानींत बसवायच्या हवेच्या पिशव्या सुचवतो. त्या बसवल्या की खाली बसलेली गाडी सरळ दिसते. पण हिचवरच्या भाराने पुढच्या चाकांचे जे वजन उचलले गेले आहे, ते त्या परत आणत नाहीत. सुकाणू आणि ब्रेक हलकेच राहतात. ते काम वजन वाटून देणाऱ्या हिचचे आहे. त्याच्या लांब पोलादी पट्ट्या मागचा थोडा भार पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. बसवल्यावर तपासायची पद्धत सोपी : ट्रेलर नसताना पुढच्या चाकावरील कमानीची जमिनीपासून उंची मोजावी, ट्रेलर जोडून पुन्हा मोजावी आणि मग पट्ट्यांचा ताण वाढवत ती उंची पहिल्या मापाजवळ आणावी. नेमकी किती जवळ, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि तेच मानावे. काही गाड्यांना असा हिच चालत नाही, हेही तेथेच लिहिलेले असते.

म्हणून क्रम असा ठेवावा : आधी वजन, मग भाराची जागा, मग टायर आणि ट्रेलरचे ब्रेक, मग हिच आणि शेवटी कमानी. वळवळ थांबवणारा दांडा उपयोगी आहे, पण चुकीच्या रचनेवरचे ते औषध नव्हे. वेगही आवरावा. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांचीच मुभा आहे, त्यामागे हेच कारण आहे.

कागदपत्रे

भाड्याने ट्रॉली घेताना मंडळाने तिचे नोंदणीपत्र पाहावे. ट्रॅक्टरच्या विमा पॉलिसीत ट्रॉलीचा स्वतंत्र उल्लेख आहे का आणि वापर फक्त शेतीपुरता लिहिला आहे का, हे वाचावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनाच्या मूळ रचनेत मनाजोगे बदल करता येत नाहीत. त्यामुळे सांगाडा लांबवणे, अॅक्सल बदलणे यांपासून दूर राहावे. दावा नामंजूर झाला तर भरपाईचा बोजा मंडळाच्या पदाधिकाऱ्यांवरही येऊ शकतो. मिरवणुकीची परवानगी, चालकाचा परवाना आणि काट्याची पावती एकाच फाइलमध्ये असावी.

निघण्यापूर्वी

१. धर्मकाट्यावर वजन, हिचवर सुमारे १० टक्के भार.
२. मूळ पिन, क्लिप, छेदून बांधलेल्या दोन साखळ्या.
३. दोन्ही कमानींची उंची सारखी, यू-बोल्ट आवळलेले.
४. टायरमध्ये हवा सारखी, चाकांचे नट तपासलेले.
५. जड सामान तळाशी, जनरेटर मागच्या टोकाला नाही.
६. ब्रेक पेडल जोडलेले, ठोकळे बरोबर.
७. दोन्ही बाजूंना चालत जाणारे, शिट्टी असलेले दोन-दोन कार्यकर्ते. चाक आणि गर्दी यांच्यामध्ये दोरी.
८. ट्रॉलीवर, दांडीवर आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर कोणीही बसणार नाही. लहान मुले तर नाहीच.

आठवा नियम पाळायला सर्वांत कठीण, कारण मुले हट्ट करतात आणि आजी-आजोबांचे पाय दुखतात. त्यांच्यासाठी एखादी मिनी बस किंवा दोन ई-रिक्षा ठरवाव्यात. दोन पाटे वाढवण्याचा खर्च वाचवला तर त्यातच हे भागेल. यंदाच्या बैठकीत हा खर्च अंदाजपत्रकात वेगळा धरावा, अशी आमची सर्व सभासदांना विनंती आहे.

गणपती बाप्पा मोरया!